ध्रुवाजवळच्या तळ्यांतले डाफ्निया, कोपेपॉड आणि न मावळणारा सूर्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्क्टिक आणि अंटार्क्टिकातल्या गोड्या पाण्याच्या तळ्यांत मिलिमीटरभर आकाराचे कवचवाले जीव राहतात आणि उन्हाळा आला की त्यांना उन्हापासून जीव वाचवावा लागतो, हे सांगितलं की लोक आधी विश्वासच ठेवत नाहीत आणि मग एकामागून एक प्रश्न सुरू होतात. जे प्रश्न सारखे येतात ते इथे घेतलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण विषयच तसा आहे.

हे जीव म्हणजे नक्की कोण?

खेकडा, कोळंबी, शेवंड ज्या गटात येतात तोच हा क्रस्टेशियन गट, फक्त इथले सदस्य अगदी बारीक. मुख्य तीन मंडळी लक्षात ठेवा. पहिला डाफ्निया, एक ते तीन मिलिमीटरचा, पारदर्शक कवचातला, पाण्यात टुणटुण उड्या मारत पोहणारा. मासे पाळणाऱ्यांना हा चांगला माहितीये, पिल्लांना खायला घालतात तोच. दुसरा कोपेपॉड, लांबुळका, लांब मिशांचा, झटके देत पोहणारा. तिसरा फेअरी श्रिम्प, हा त्यातल्या त्यात मोठा, साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, आणि पोहतो उलटा, पाठ खाली पाय वर. तिघंही मुख्यतः पाण्यातलं शेवाळ, बॅक्टेरिया असलं बारीक गाळून किंवा खरवडून खातात, काही कोपेपॉड शिकारीही करतात. आणि ध्रुवाजवळच्या बऱ्याच तळ्यांत मासेच नसल्यामुळे अन्नसाखळीत सगळ्यात वर हेच असतात.

ध्रुवावर तर सूर्य तिरपा असतो, मग ऊन कडक कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो बरोबरच आहे. सूर्य खाली असला की किरणांना ओझोनच्या थरातून तिरकं, म्हणजे लांबचं अंतर कापत यावं लागतं आणि अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही, बराच वाटेतच शोषला जातो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी जितका यूव्ही डोक्यावर पडतो तितका आर्क्टिकमध्ये जूनच्या दुपारीही पडत नाही. पण पाण्यातल्या जीवाला हवेत किती यूव्ही आहे याच्याशी काय देणंघेणं, त्याच्या अंगापर्यंत किती पोचतो आणि झालेलं नुकसान भरून काढायला वेळ किती मिळतो हे त्याच्यासाठी महत्त्वाचं. आणि तिथे चार गोष्टी एकदम जुळून येतात.

एक, रात्र नाही. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलसुंदला (साधारण ७९ अंश उत्तर) एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. मध्यरात्रीच्या तिरप्या उन्हात यूव्ही-बी, म्हणजे यूव्हीचा जास्त घातक भाग, फारसा नसतो हे खरं, पण अंधार असा मिळतच नाही. दोन, तळी उथळ. टुंड्रातली असंख्य डबकी एक मीटरपेक्षाही कमी खोल असतात, हिवाळ्यात तळापर्यंत गोठतात आणि उन्हाळ्यात तळापर्यंत उजेड. तीन, पाणी काचेसारखं स्वच्छ, याबद्दल पुढे सविस्तर. चार, थंडी, कारण थंडीत शरीराची दुरुस्तीची यंत्रणाच हळू चालते.

आणि यात वेळेचा एक वाईट योग आहे जो मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बर्फ फुटतो कधी, तर जूनमध्ये. सूर्य सगळ्यात वर कधी, तर जूनमध्येच. म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं, पाणी अजून जेमतेम शून्याच्या वर, वितळलेल्या बर्फाने पाणी पातळ आणि निवळ झालेलं, आणि डोक्यावर वर्षातलं सगळ्यात जोरदार ऊन, हे सगळं त्याच दोन-तीन आठवड्यांत. पुढे ऑगस्टमध्ये पाणी जरा गरम होतं, सूर्य उतरतो, सगळं सोपं होत जातं, पण तोपर्यंत टिकायचं कसं हा खरा प्रश्न.

पाणी स्वच्छ असण्याने एवढा काय फरक पडतो?

खूप पडतो, कदाचित सगळ्यात जास्त. पाण्यात यूव्ही अडवणारी मुख्य गोष्ट म्हणजे विरघळलेला सेंद्रिय कार्बन, पानं, मुळं, दलदलीतलं कुजकं हे सगळं पाण्यात उतरतं तो. ज्या तळ्याभोवती जंगल किंवा दलदल आहे त्याचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं आणि त्यात यूव्ही-बी काही सेंटीमीटरांतच संपतो. पण झाडांची सीमा ओलांडून उत्तरेला गेलात, जिथे नुसता खडक, खडी आणि बोटभर माती, तिथे हा कार्बनच नाही, मग यूव्ही सरळ खाली जातो, निवळ सरोवरात तर कित्येक मीटर. म्हणून एकाच भागात, एकमेकांपासून चालत जाता येईल अशा दोन डबक्यांत एकात काळे डाफ्निया आणि दुसऱ्यात पांढरे असं दिसतं. आकाश तेच, सूर्य तोच, फरक पाण्याचा.

मग ओझोनच्या भोकाचं काय? सगळं त्याच्यामुळेच ना?

नाही, आणि हा गैरसमज बराच पसरलाय. हे जीव हजारो वर्षं उन्हाशी जुळवून घेत आलेत, ओझोनचं भोक गेल्या काही दशकांतलं. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी हॅली स्टेशनच्या नोंदींवरून ते १९८५ मध्ये जगासमोर आणलं आणि १९८७ मध्ये ओझोन खाणाऱ्या रसायनांना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. भोक पडतं ते अंटार्क्टिकाच्या वसंतात, सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमाराला, तेव्हा बहुतेक सरोवरांवर अजून बर्फ असतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत भोक रेंगाळलं तर गोष्ट वेगळी. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या पामर स्टेशनला अशा काळात यूव्ही इंडेक्स कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोपेक्षाही वर गेलेला नोंदवलाय, म्हणजे तिथे तिरप्या सूर्याचं गणित उलटं होतं. आर्क्टिकमध्ये दरवर्षी असं होत नाही, पण २०११ आणि २०२० च्या वसंतात तिथेही ओझोन खूप घटला होता.

थोडक्यात, ओझोनने ताण वाढवला. मूळ ताण उथळ, निवळ, थंड पाण्याचा आणि लांबच लांब दिवसाचा.

यूव्हीने यांना होतं तरी काय?

दोन प्रकारे मार बसतो. यूव्ही-बी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) थेट डीएनएवर जातो, शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटवून टाकतो, मग पेशीला तो भाग वाचताच येत नाही. यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर) वेगळं करतो, पेशीत ऑक्सिजनची खवळलेली रूपं तयार करतो आणि ती चरबी, प्रथिनं जे सापडेल ते जाळत सुटतात. आपल्याला निदान जाड कातडी तरी आहे. डाफ्नियाचं कवच इतकं पातळ आणि पारदर्शक की मायक्रोस्कोपखाली त्याचं धडधडणारं हृदय, आतडं, पाठीवरच्या कप्प्यातली पिल्लं सगळं बाहेरून दिसतं, म्हणजे ऊनही तितकंच आरपार जातं.

खोल पाण्यात का नाही जात सरळ?

जातात की, जिथे खोली आहे तिथे जातात. डाफ्नियाच्या डोळ्याला यूव्ही दिसतो. त्याच्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी चार वेगवेगळ्या पट्ट्यांना प्रतिसाद देतात आणि त्यातली एक पट्टी ३५० नॅनोमीटरच्या आसपास म्हणजे यूव्हीतच आहे. यूव्ही जाणवला की तो खाली डुबकी मारतो. जगभरच्या तळ्यांत हे जीव दिवसा खाली आणि रात्री वर अशी ये-जा करतात, वर शेवाळ जास्त आणि पाणी उबदार म्हणून रात्री वर यायचं.

पण ध्रुवावर उन्हाळ्यात रात्रच नाही तर वर यायचं कधी? आणि गुडघाभर डबक्यात खाली जायचं म्हणजे जायचं कुठे? दगडाच्या सावलीत, तळाच्या शेवाळाच्या गादीजवळ, एवढंच. पळून जाण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय हातातून गेला की मग अंगावर काहीतरी चढवावं लागतं, आणि इथून रंगाची गोष्ट सुरू होते.

काळे डाफ्निया खरंच असतात का?

असतात, आणि पहिल्यांदा बघणारा चकित होतो. आपल्याकडचा डाफ्निया फिकट, पाण्यात जेमतेम दिसणारा, आणि टुंड्राच्या निवळ डबक्यातला चक्क कॉफीच्या रंगाचा किंवा काळपट. हा रंग मेलॅनिनचा, आपल्या केसांत आणि त्वचेत असतो तोच. डाफ्निया तो स्वतः टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनवतो आणि कवचात भरतो, पाठीकडच्या बाजूला आणि डोक्यावर जास्त, कारण पोहताना ऊन तिकडूनच येतं. त्याच पाठीच्या कवचाखाली पिल्लांचा कप्पा असतो, म्हणजे आईचं छत पिल्लांनाही मिळतं.

यावरचं एक महत्त्वाचं काम पॉल हेबर्ट आणि एमरी यांचं, १९९० मध्ये छापलेलं, कॅनडात हडसन उपसागराकाठच्या चर्चिल भागातल्या डबक्यांवरचं. (हेच हेबर्ट पुढे डीएनए बारकोडिंगमुळे, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्याच्या पद्धतीमुळे, प्रसिद्ध झाले.) त्यात दिसलं ते असं की काळ्या जाती निवळ पाण्यात, फिकट जाती तपकिरी पाण्यात, आणि दोघांना उन्हात ठेवलं तर फिकट आधी मरतात. कवचातून यूव्ही किती पार होतो हे बघितलं तर काळ्या कवचातून फार कमी. म्हणजे मेलॅनिन इथे सरळ सरळ गाळणीचं काम करतो.

रंग जन्मजात असतो की ऊन लागलं की चढतो?

दोन्ही. काळं होण्याची क्षमता वंशातच असावी लागते, ज्या जातीत ती नाहीच तिला कितीही ऊन दाखवा, काही होणार नाही. पण ज्यांच्यात आहे त्यांच्यात किती काळं व्हायचं हे ऊन ठरवतं. फिनलंडच्या अगदी उत्तरेला किल्पिसयार्वी नावाचं ठिकाण आहे, साधारण ६९ अंशांवर, तिथल्या डाफ्नियांवर मिला राउतिओ आणि आत्ते कोर्होला यांनी केलेलं काम २००२ मध्ये आलं. त्यात मेलॅनिनचा चढउतार पाण्यातल्या यूव्हीच्या मागोमाग चाललेला दिसतो. बर्फ गेल्यावर सुरुवातीला रंग सगळ्यात गडद आणि उन्हाळा उतरत गेला तसा फिका. वर म्हटलेले ते जूनमधले वाईट आठवडे आठवा, रंग बरोबर तेव्हाच चढतो.

कात टाकली की रंग जातो का?

जातो. मेलॅनिन कवचात असतो आणि वाढायचं तर कवच टाकावंच लागतं, म्हणजे इतकी मेहनत करून बनवलेला रंग दर वेळी पाण्यात सोडून द्यायचा आणि नव्या कवचासाठी परत पहिल्यापासून बनवायचा. माणसाच्या त्वचेसारखं साठवून ठेवता येत नाही. थंड पाण्यात दोन कातींमधलं अंतर वाढतं त्यामुळे एक कवच जास्त दिवस पुरतं, पण फुकट काहीच नाही. दुसरी बाजू अशी की नको असेल तेव्हा रंग लवकर उतरवताही येतो, पुढचं कवच फिकं केलं की झालं.

इतकं उपयोगी आहे तर सगळेच डाफ्निया काळे का नाहीत?

कारण मेलॅनिन महाग पडतो आणि जीवावरही बेतू शकतो.

महाग असा की ज्या प्रथिनांतून, ज्या ऊर्जेतून शरीर वाढवायचं, अंडी घालायची, ती रंगात जाते. ऊन नसेल तर काळा वंश फिकट वंशापेक्षा हळू वाढतो आणि मागे पडतो, तपकिरी पाण्यात फिकटांचं राज्य असतं ते त्यामुळेच.

जीवावर बेततो असा की मासा. स्वच्छ पाण्यात काळा ठिपका उड्या मारत चाललाय म्हणजे माशाला आमंत्रणच. ज्या आर्क्टिक सरोवरांत आर्क्टिक चार नावाचा मासा आहे तिथे मोठे काळे डाफ्निया सहसा टिकतच नाहीत. ते राहतात मासे नसलेल्या डबक्यांत, आणि मासे का नाहीत, तर डबकं हिवाळ्यात तळापर्यंत गोठतं म्हणून. ज्या उथळपणामुळे उन्हापासून लपायला जागा नाही त्याच उथळपणामुळे काळं होऊन फिरायची मुभा मिळते. मला तरी हा या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

माशांचा दबाव किती जबरदस्त असतो याचा पुरावा ध्रुवाबाहेरून, कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातून मिळालाय. तिथल्या उंचावरच्या, मूळच्या बिनमाशांच्या सरोवरांत डाफ्निया मेलॅनिका ही काळी जात राहते. गेल्या शतकात माणसांनी तिथल्या काही सरोवरांत ट्राउट सोडले आणि त्या सरोवरांतल्या डाफ्नियांनी काही दशकांतच काळेपणा जवळजवळ सोडून दिला. स्कोविल आणि फ्रेंडर यांचं हे काम २०१० मध्ये आलं, मेलॅनिन बनवण्याच्या वाटेवरच्या जीन्सचं कामकाज बदललेलंही त्यांनी दाखवलं.

कोपेपॉड लाल का दिसतात?

कोपेपॉड मेलॅनिनच्या वाटेला जात नाहीत, ते कॅरोटिनॉइड नावाची लाल-केशरी रंगद्रव्यं वापरतात, मुख्यतः अॅस्टॅझँथिन, ज्यामुळे परदेशी सॅमन माशाचं मांस केशरी दिसतं ते. हे त्यांना स्वतः मुळापासून बनवता येत नाही. शेवाळातून त्याचा कच्चा माल मिळतो आणि शरीरात त्याचं अॅस्टॅझँथिन होतं. म्हणजे उन्हापासूनचं रक्षण काय खायला मिळालं यावर अवलंबून.

आणि काम करायची पद्धतही वेगळी. मेलॅनिन यूव्हीला बाहेरच अडवतो, कॅरोटिनॉइड यूव्ही-बी फारसा अडवत नाही, तो आत शिरून जी ऑक्सिजनची खवळलेली रूपं तयार होतात त्यांना शांत करतो.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले लार्स-अँडर्स हान्सन यांनी २००० मध्ये छापलेलं काम या बाबतीत वाचण्यासारखं आहे. कोपेपॉडांना यूव्ही दिला तर रंग वाढतो, आणि पाण्यात माशाचा नुसता वास असला, मासा प्रत्यक्ष नसला तरी, रंग कमी होतो. एवढासा जीव, पण वरून ऊन आणि शेजारी मासा यातला कोणता धोका मोठा हे तोलून अंगावर किती रंग ठेवायचा ते ठरवतो, आणि तेही एकाच आयुष्यात.

एक सावधगिरी मात्र हवी. लाल रंग दिसला की लगेच ऊन असं समजू नका. अॅस्टॅझँथिन चरबीबरोबर साठतं, अंड्यांत जातं, आणि क्विबेकमधल्या एका सरोवरात तर कोपेपॉड हिवाळ्यात बर्फाखाली, म्हणजे उन्हाचा पत्ताच नसताना, सगळ्यात जास्त लाल सापडलेत. त्याची कामं अनेक आहेत.

माझ्या टाकीतले डाफ्निया लाल झालेत, तेही उन्हामुळे का?

बहुतेक नाही. पाण्यात ऑक्सिजन कमी झाला की डाफ्निया हिमोग्लोबिन वाढवतो आणि गुलाबी-लाल दिसतो. हवा सोडा, गर्दी कमी करा.

दिसणार नाही असं सनस्क्रीन नसतं का, म्हणजे मासाही फसेल आणि ऊनही अडेल?

असतं. मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं म्हणून एक गट आहे, शास्त्रज्ञ त्याला छोट्यात एमएए म्हणतात. ही रंगहीन असतात, साधारण ३१० ते ३६० नॅनोमीटरचा यूव्ही शोषतात, आणि माशाच्या नजरेला त्यांच्यामुळे काही वेगळं दिसत नाही. शेवाळ ती बनवतं, कोपेपॉड खातो आणि अंगात साठवतो. मासे असलेल्या निवळ सरोवरात हा उपाय फार सोयीचा. डाफ्नियाला मात्र ही साठवता येत नाहीत, त्यामुळे त्याच्यापुढे काळं व्हायचं, लपायचं, नाहीतर दुरुस्ती करत बसायचं एवढेच मार्ग उरतात. एकाच तळ्यात कोपेपॉड निवांत आणि डाफ्निया गायब, असं का होतं याचं एक कारण यात आहे.

दुरुस्ती म्हणजे डीएनएची? ती कशी होते?

फोटोलायेज नावाचं एक एन्झाइम आहे, ते चिकटलेले डीएनएचे घटक परत सुटे करतं, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा घेतं कुठून तर निळ्या उजेडातून आणि यूव्ही-ए मधून. ज्या उन्हाने मोडलं त्याच उन्हाच्या दुसऱ्या भागाने जोडायचं. त्यामुळे यूव्ही-ए नुसता शत्रू म्हणून मोजून चालत नाही. दुसरी एक पद्धत अंधारातही चालते, बिघडलेला तुकडा कापून काढायचा आणि नवा भरायचा, पण तिला जास्त ऊर्जा लागते.

अडचण थंडीची. यूव्हीने डीएनए मोडायला तापमान लागत नाही, शून्य अंशालाही तो तसाच मोडतो, पण एन्झाइम थंडीत मंद होतं. नुकसान पूर्ण वेगाने आणि दुरुस्ती निम्म्या वेगाने असा हिशोब झाला की जीव मागे पडत जातो. म्हणून ध्रुवाजवळ नुसत्या दुरुस्तीवर भागत नाही, आधीच अडवावं लागतं.

काळा रंग ऊब मिळावी म्हणून तर नसेल?

हे सुचणं साहजिक आहे, पण दोन मिलिमीटरचा जीव पाण्यात मिळालेली उष्णता लगेच पाण्यालाच देऊन बसतो, अंगात धरून ठेवू शकत नाही. आणि तपकिरी पाणीही तितकंच थंड, तरी तिथले डाफ्निया फिकटच.

बर्फाखाली तर सुरक्षित असतील?

बर्फावर भुसभुशीत हिम साचलं असेल तर हो, हिम उजेड परत फेकतं, खाली अंधारच. पण वाऱ्याने हिम उडून गेलेला स्वच्छ निळा बर्फ यूव्ही बऱ्यापैकी आत सोडतो, विशेषतः अंटार्क्टिकाच्या काठावर जिथे वारा सतत असतो.

अंटार्क्टिकात कोण कोण राहतं?

अंटार्क्टिकाच्या गोड्या पाण्यात मासा एकही नाही, त्यामुळे आर्क्टिकमधलं माशाचं गणित इथे लागूच होत नाही, आणि जातीही मोजक्याच. द्वीपकल्पावर आणि आसपासच्या सिग्नी, लिव्हिंग्स्टन अशा बेटांवर बोएकेला पॉपेइ हा कोपेपॉड आणि ब्रँकिनेक्टा गेनी हा फेअरी श्रिम्प. हा फेअरी श्रिम्प अंटार्क्टिकाच्या गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा अपृष्ठवंशी प्राणी. पूर्व अंटार्क्टिकात, व्हेस्टफोल्ड हिल्स आणि लार्समन हिल्सच्या सरोवरांत, डाफ्नियाचा जवळचा नातेवाईक डाफ्निओप्सिस स्टुडेरी सापडतो.

लार्समन हिल्स नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर, भारताचं भारती स्टेशन तिथेच आहे, २०१२ पासून. त्या एवढ्याशा खडकाळ भागात दीडशेच्या वर सरोवरं आहेत, काही खोल, काही नुसती डबकी. अभ्यासकांचं मत असं की तिथले काही क्रस्टेशियन शेवटच्या हिमयुगात इतरत्र सगळं गोठलेलं असताना तिथेच कुठेतरी तग धरून राहिले.

हिवाळ्यात डबकं पूर्ण गोठतं तेव्हा काय होतं?

मोठे मरतात, अंडी राहतात. डाफ्निया जाड आवरणातली दोन-दोन अंडी घालतो, त्या आवरणाला एफिपियम म्हणतात, आणि ते मेलॅनिनने गडद झालेलं असतं. हे फिकट जातीतही असतं. गोठणं, वाळणं, पक्ष्याच्या पायाला चिकटून दुसऱ्या डबक्यात जाणं सगळं ते सोसतं. आर्क्टिकमधल्या बऱ्याच डाफ्नियांना तर ही अंडी घालायला नरही लागत नाही, माद्याच माद्या, आणि त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनपेक्षा जास्त संच असलेले वंश भरपूर. उन्हाळा इतका छोटा की जोडीदार शोधत बसायला वेळ कुठे.

आपल्याकडे ऊन त्याहून जास्त, मग इथले डाफ्निया काळे का नाहीत?

पाणी बघा. आपल्या तळ्यांचं, विहिरींचं, शेततळ्यांचं पाणी गढूळ नाहीतर हिरवं, पावसाळ्यात तर मातीच. यूव्ही वरच्या थरातच संपतो. शिवाय बारा तासांची रात्र आहे, पाणी उबदार म्हणून दुरुस्ती झपाट्याने होते, आणि मासे भरपूर, त्यामुळे काळं होणं म्हणजे जीव गमावणं.

आपल्याकडे ध्रुवाशी थोडं जुळणारं काही असेल तर सह्याद्रीच्या सड्यांवरची, कातळावरची पावसाळी डबकी. उथळ, उघडी, मासे नसलेली, आणि थोडे दिवस टिकणारी. त्यांत फेअरी श्रिम्पही सापडतात, स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस ही जात तर २०१४ मध्येच जगाला कळली. तिथे डबकं गोठत नाही, वाळतं, पण अंड्यांवर भरवसा ठेवायची युक्ती तीच. सड्यांवर गाडी घालताना, दगड उचलताना, खाणीची परवानगी देताना त्या डबक्यांचा विचार व्हायला हवा असं मनापासून वाटतं.

तापमानवाढीने यांचं बरं होईल की वाईट?

जागेनुसार दोन्ही. बर्फाळ जमीन वितळून, झुडपं उत्तरेकडे सरकून तळ्यांत सेंद्रिय कार्बन जास्त येऊ लागला तर पाणी तपकिरी होईल, यूव्ही अडेल, आणि मग काळ्या वंशांचा फायदाच उरणार नाही, फिकट वंश त्यांना मागे टाकतील. पाणी उबदार झालं तर दुरुस्तीही सुधारेल. पण बर्फ लवकर गेला तर उघड्या पाण्यावर जास्त दिवस ऊन पडणार. डबकी तळापर्यंत गोठायची थांबली तर मासे आत शिरू शकतात, हा सगळ्यात मोठा धोका मानायला हवा.

आणि डबकंच राहिलं नाही तर? कॅनडाच्या एल्समिअर बेटावर केप हर्शेल इथली डबकी जॉन स्मोल आणि मारियान डग्लस यांनी १९८३ पासून पाहिली होती. २००६ च्या उन्हाळ्यात त्यातली काही, जी हजारो वर्षं कायम भरलेली होती, कोरडी ठणठणीत सापडली. तिथे रंग, दुरुस्ती, लपणं, कशाचाच प्रश्न उरत नाही.

ओझोन भरून येतोय म्हणतात, मग चिंता मिटली?

ओझोनपुरती हळूहळू मिटतेय. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार आत्ताची धोरणं टिकली तर १९८० ची पातळी आर्क्टिकवर २०४५ च्या आसपास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या आसपास परत येईल. जगाने मिळून केलेलं हे खरोखर मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण वर सांगितलेले पाण्याचे बदल त्याच काळात चालू राहणार.

भारतातून यात काम करायचं असेल तर?

गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, अंटार्क्टिकातली मैत्री (१९८९ पासून) आणि भारती, आर्क्टिकमधलं न्यू-ओलसुंदचं हिमाद्री (२००८ पासून) ही स्टेशनं तेच चालवतं. प्राणिशास्त्र, सरोवरशास्त्र, मायक्रोबायोलॉजी अशा विषयांतून तिथे जाता येतं. पण आधी आपल्या गावच्या डबक्यातले क्रस्टेशियन ओळखायला शिका, ध्रुवावर जातीच कमी आहेत, सराव इथे जास्त चांगला होतो.

घरच्या टबमधले डाफ्निया उन्हात ठेवले तर काळे होतील का?

नाही होणार, कृपा करून करू नका. दुकानातून मिळणाऱ्या जातींना सहसा कवच काळं करायची क्षमता नसते, आणि एप्रिलच्या उन्हात छोट्या टबातलं पाणी इतकं तापतं की यूव्हीच्या आधी उष्णतेनेच मरतील. मेलॅनिन बघायचाच असेल तर टबात गर्दी वाढू द्या, अन्न थोडं कमी करा आणि काही दिवसांनी भिंगातून माद्यांच्या पाठीकडे बघा. ज्यांच्या पाठीवर गडद तपकिरी-काळा उंचवटा दिसेल त्यांच्यात एफिपियम तयार झालेलं आहे. कात टाकली की ते सुटून तळाशी जातं किंवा वर तरंगतं, ते गाळून वाळवून ठेवा, नंतर ताज्या पाण्यात टाकलं की त्यातून पिल्लं निघू शकतात.